रक्तातील जंतुसंसर्ग आणि शरीराचा प्रतिकार : कोल्हापुरातील पीएच.डी. संशोधनाची गरज व संधी

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर जेव्हा सांगतात, की "इन्फेक्शन रक्तात गेले आहे", तेव्हा बहुतेकांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. कोणता जंतू आहे, हे अजून का कळत नाही? आणि इतकी भारी प्रतिजैविके चालू असूनही रुग्ण खालावत का जातो? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेच्या मर्यादांमध्ये आहे, तर दुसऱ्याचे बरेचसे उत्तर रुग्णाच्या स्वतःच्या शरीरात आहे.

वार्षिक अहवालात आपण किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती देणग्या मिळाल्या याचा हिशेब वाचतो. प्रस्तुत लेखात मात्र वरील दोन प्रश्नांचा उलगडा करण्याचा, आणि त्यांची उत्तरे शोधणाऱ्या पीएच.डी. संशोधनाला कोल्हापुरात किती वाव आहे हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

रक्तात जंतू शिरतात म्हणजे काय होते?

निरोगी माणसाचे रक्त सर्वसाधारणपणे जंतुविरहित असते. दात घासताना हिरडीतून काही जीवाणू रक्तात उतरतातही. पण यकृत आणि प्लीहा यांतील भक्षक पेशी त्यांना थोड्याच वेळात टिपून नष्ट करतात. जंतूंची संख्या फार वाढली, किंवा प्रतिकार दुबळा पडला, की हे पहारे मोडतात. न्यूमोनिया, मूत्रमार्गातील किंवा पित्ताशयातील संसर्ग, मधुमेही रुग्णाच्या पायाची चिघळलेली जखम, प्रसूतीनंतरचा संसर्ग, इतकेच नव्हे तर दीर्घकाळ शिरेत ठेवलेली नळी, यांपैकी कोणत्याही वाटेने जीवाणू रक्तात पोचू शकतात. आपल्या परिचयाचा विषमज्वर हाही मुळात रक्तातील जंतुसंसर्गच होय.

घरगुती भाषेत आपण "सेप्टिक झाले" असे म्हणतो. वैद्यकशास्त्रात 'सेप्सिस' या शब्दाला याहून नेमका अर्थ आहे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येनुसार, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडल्यामुळे मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांसारख्या अवयवांचे कार्य जिवावर बेतेल इतके ढासळणे म्हणजे सेप्सिस. या व्याख्येत जंतूइतकेच महत्त्व शरीराच्या प्रतिसादाला दिले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या आजाराची व्याप्ती मोठी आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक.

ब्लड कल्चर : प्रतीक्षेचे दिवस

कोणता जंतू आहे हे ठरवण्याची प्रस्थापित चाचणी म्हणजे रक्ताचे कल्चर. रुग्णाची त्वचा काळजीपूर्वक निर्जंतुक करून रक्त घेतात आणि पोषक द्रव असलेल्या बाटलीत सोडतात. प्रौढ व्यक्तीच्या एका बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त लागते, आणि दोन वेगवेगळ्या जागांहून नमुने घेणे श्रेयस्कर असते. "एवढे रक्त कशाला?" असे नातेवाईक विचारतात. गंभीर आजारी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तातही पुष्कळदा मोजके, कधी एखादाच जिवंत जीवाणू असतो. रक्त कमी घेतले तर तो निसटण्याचाच संभव अधिक. नवजात बालकाकडून तर जेमतेम एक मिलिलिटर रक्त घेता येते, म्हणून तेथील अडचण आणखी मोठी.

बाटली यंत्रात ठेवली की वाढणाऱ्या जीवाणूंनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद यंत्र घेत राहते. बहुतेक वेळा एक ते दोन दिवसांत बाटली 'पॉझिटिव्ह' होते. मग जंतूची ओळख पटवायची, आणि कोणते औषध त्याच्यावर चालते ते पाहायचे. त्यात आणखी एक-दोन दिवस जातात. पाच दिवसांपर्यंत काहीच वाढले नाही तर अहवाल 'निगेटिव्ह' येतो. पण त्यावरून संसर्ग नव्हताच असे ठामपणे म्हणता येत नाही. दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बालकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १४.३ टक्के बालकांना सेप्सिस असल्याचे निदान झाले. मात्र कल्चरमध्ये जंतू सापडलेल्यांचे प्रमाण ६.२ टक्केच होते. म्हणजे निम्म्याहून अधिक बालकांच्या बाबतीत जंतूचे नाव कळलेच नाही.

इकडे रुग्णाजवळ थांबायला वेळ नसतो. कॅनडा व अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य प्रतिजैविक मिळण्यास झालेल्या प्रत्येक तासाच्या विलंबागणिक वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेले. म्हणून कल्चरसाठी रक्त घेताच डॉक्टर अंदाजाने व्यापक प्रतिजैविके सुरू करतात. जंतू औषधांना दाद देणारा असला तर हा अंदाज बरोबर ठरतो. परंतु क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, ई. कोलाय यांसारखे जंतू मेरोपेनेमसारख्या राखीव औषधांनाही पुरून उरू लागले आहेत, तेव्हा अंदाज चुकण्याचा धोका वाढतो. आणि प्रत्येकाला राखीव औषधेच देत गेलो तर तीही निकामी होतील. पहिल्या काही तासांतच जंतूची चाहूल लावणारी, परवडणारी चाचणी मिळाली, तर ही कोंडी बऱ्याच अंशी सुटेल.

शरीराचा प्रतिकार : रक्षण आणि नुकसान

शरीरातील काही पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा शोध रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली लावला. तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. या कार्याबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपल्याला याहून बरेच अधिक ठाऊक आहे. जीवाणूच्या आवरणातील विशिष्ट रेणू ओळखणारे 'टोल-सदृश ग्राहक' आपल्या पांढऱ्या पेशींवर असतात. ओळख पटताच पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक रसायने सोडतात. रक्तातील 'पूरक प्रथिने' जीवाणूंच्या आवरणाला भोके पाडतात. न्यूट्रोफिल पेशी संसर्गाच्या जागी धाव घेतात. आधी तयार झालेली प्रतिपिंडे जंतूला चिकटून त्याला गिळणे सोपे करतात. बोटाच्या जखमेत हे सारे एका जागी घडते आणि जखम बरी होते.

संसर्ग रक्तात असतो तेव्हा हाच प्रतिसाद सर्व शरीरभर एकदम पेटतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, बारीक वाहिन्यांत रक्त गोठते, आणि अवयवांना प्राणवायू अपुरा पडतो. याच वेळी, किंवा काही दिवसांनी, उलट स्थिती येऊ शकते : लढून थकलेल्या प्रतिकारपेशी निष्प्रभ होतात. मूळ जंतू मेला तरी रुग्ण दुसऱ्या संसर्गाला बळी पडू शकतो. योग्य प्रतिजैविक चालू असतानाही रुग्ण का खालावतो, याचे एक महत्त्वाचे उत्तर येथे आहे.

प्रतिसाद आवरणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न जगभर झाले, पण बहुतेक फसले. 'ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी' हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. नंतरच्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध न झाल्याने २०११ साली ते जगभरातून मागे घेण्यात आले. या अपयशाचे एक कारण आता स्पष्ट होऊ लागले आहे. ज्याचा प्रतिसाद भडकला आहे आणि ज्याचा विझला आहे, अशा दोन रुग्णांना एकच औषध देऊन चालत नाही. कोणता रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे, हे रक्ताच्या थेंबावरून ओळखणे हा आजच्या संशोधनाचा गाभा होय.

महाराष्ट्राने दिलेले धडे

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मेचनिकॉफ यांचे ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईत आले. प्लेगचा जंतू रक्तात उतरला की रुग्ण वाचणे दुरापास्त होई. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ साली परळ येथे गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. प्लेगच्या त्या वर्षांची झळ कोल्हापूर संस्थानालाही बसली होती आणि राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत तिच्या निवारणासाठी प्रयत्न झाले, हे येथील जुन्या पिढीने ऐकलेले आहे.

दुसरा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे, हातपाय शिथिल पडणे, अंग गार लागणे अशा लक्षणांवरून त्या नवजात बालकातील जंतुदोष ओळखत आणि घरीच प्रतिजैविके देत. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. जंतुदोष झालेल्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ साली घरोघरी नवजात बालकांची काळजी हा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाला.

या दोन्ही उदाहरणांत संशोधनाचा प्रश्न रुग्णांमध्ये राहूनच सुचला, आणि उत्तरही त्याच रुग्णांच्या उपयोगी पडले.

कोल्हापुरातून विचारण्याजोगे प्रश्न

कोल्हापुरातील रुग्णालयांत शहराबरोबरच राधानगरी, भुदरगड, चंदगडचा डोंगराळ भाग, सिंधुदुर्गातील गावे आणि निपाणी-बेळगावचा सीमाभाग येथून रुग्ण येतात. परदेशी पाठ्यपुस्तकांतील रुग्ण आणि आपला रुग्ण यांत फरक आहे. आपल्याकडे मधुमेह पुष्कळ, क्षयरोग अद्याप आहे, आणि रुग्ण येथे पोचेपर्यंत गावात एखादे प्रतिजैविक घेऊन झालेले असते. म्हणून पुढील प्रश्न येथेच अभ्यासले जाणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न मधुमेहाचा. रक्तातील साखर वाढलेली असता न्यूट्रोफिल पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची क्षमता घटते, हे ज्ञात आहे. संसर्गाच्या कोणत्या टप्प्यावर ती किती घटते आणि साखर नियंत्रणात आणल्यावर किती वेळात सुधारते, हे आपल्या रुग्णांच्या पेशी घेऊन मोजता येईल.

दुसरा प्रश्न नवजात बालकांचा. आईची प्रतिपिंडे गर्भाला मुख्यत्वे अखेरच्या तीन महिन्यांत मिळतात. त्यामुळे अपुऱ्या दिवसांचे बाळ अपुरे संरक्षण घेऊन जन्मते. ओडिशातील ग्रामीण भागात ४,५५६ बालकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर काही दिवस उपयुक्त जीवाणू तोंडावाटे दिल्याने सेप्सिस व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही बालके पुऱ्या दिवसांची वा त्याच्या जवळपासची होती. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांबाबत काय करावे, हा प्रश्न खुला आहे.

तिसरा प्रश्न पावसाळ्यातील तापांचा. शेतातील पाण्यात अनवाणी काम करणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस परिचित आहे. त्याहून कमी परिचित असा मेलिऑयडोसिस हा जीवाणूजन्य आजार ओल्या मातीतून होतो, मधुमेहींना विशेषेकरून गाठतो, आणि कर्नाटकच्या उडुपी-मणिपाल परिसरात त्याचे रुग्ण नियमित आढळतात. त्याचा जंतू प्रयोगशाळेत दुसऱ्याच जंतूसारखा भासू शकतो. आपल्या सीमाभागातून व कोकणातून येणाऱ्या रुग्णांत त्याचा जाणीवपूर्वक शोध घेणे उपयुक्त ठरेल.

चौथा प्रश्न प्रतिसादाच्या मोजमापाचा. प्रोकॅल्सिटोनिनसारखी प्रथिने, न्यूट्रोफिल व मोनोसाइट पेशींवरील खुणा यांच्या आधारे जीवाणूजन्य संसर्ग आणि डेंगीसारखा विषाणूजन्य ताप यांत पहिल्याच दिवशी फरक करता आला, तर अनावश्यक प्रतिजैविके वाचतील आणि आवश्यक ती वेळेत मिळतील.

पीएच.डी.ची वाट

रुग्णालय स्वतः पीएच.डी. देऊ शकत नाही. पदवी विद्यापीठाचीच असते. विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्र लागते. रुग्णालय नमुने, रुग्णनोंदी, चिकित्सक सहमार्गदर्शक आणि प्रयोगशाळेचा काही भाग उपलब्ध करून देते. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान या विषयांचे अध्यापन व संशोधन होते. कोल्हापुरातच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ २००५ पासून कार्यरत असून वैद्यकीय शाखांसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. अधिक सखोल प्रतिकारशास्त्रासाठी पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र व आयसर, मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आणि हाफकिन संस्था यांच्याशी सहकार्य करता येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व पुढील टप्प्यात ४२,००० रुपये असा दर लागू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या स्वतंत्र अधिछात्रवृत्त्या आहेत. राज्यात सारथी, बार्टी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना साहाय्य करतात. एम.एस्सी. झालेल्या आपल्या भागातील हुशार मुलामुलींना त्यासाठी पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही.

मात्र अधिछात्रवृत्तीतून विद्यार्थ्याचा चरितार्थ चालतो, प्रयोगशाळा चालत नाही. उणे ८० अंश सेल्सिअसचे शीतकपाट, त्याला अखंड वीज, पेशी मोजणाऱ्या यंत्राची रसायने, जंतूंच्या जनुकीय क्रमवारीचा खर्च आणि नोंदी ठेवणारा प्रशिक्षित साहाय्यक यांची तरतूद वेगळी करावी लागते. संशोधन बहुधा अडते ते येथेच.

देणगीदार आणि नातेवाईक यांच्यासाठी

काही देणगीदार विचारतात, की गरिबांच्या उपचारांचा पैसा संशोधनाकडे वळणार काय? शंका योग्य आहे आणि उत्तर स्पष्ट असले पाहिजे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. त्या निधीला हात लावता येत नाही व लावूही नये. संशोधनाचा निधी वेगळ्या खात्यात, वेगळ्या हिशेबाने ठेवावा आणि त्याचा विनियोग प्रतिवर्षी अहवालात छापावा, हीच पद्धत विश्वासाची होय. हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे, की आज दिलेल्या देणगीतून आजचा रुग्ण बरा होईल असे नाही. तीन-चार वर्षांनी एखादा प्रश्न निर्णायकपणे सुटेल, कधी एखादी कल्पना चुकीची होती एवढेच सिद्ध होईल. 'ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी'च्या बाबतीत तेच सिद्ध झाले, आणि त्यानेही पुढचे रुग्ण निरुपयोगी औषधापासून वाचले.

नातेवाइकांना संशोधनात सहभागाविषयी विचारले जाईल तेव्हा घाई नसावी. प्रत्येक अभ्यासाला रुग्णालयाच्या नैतिकता समितीची पूर्वमान्यता लागते. संमतिपत्र आपल्याला समजेल अशा मराठीत असावे. किती रक्त घेणार, कशासाठी वापरणार, किती काळ साठवणार हे त्यात लिहिलेले असावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास जवळचे नातेवाईक संमती देतात, आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला पुन्हा विचारले जाते. नकार दिला, किंवा दिलेली संमती मागे घेतली, तरी उपचारांत तिळमात्र फरक पडता कामा नये. तसेच संशोधनासाठी घेतलेल्या रक्ताच्या चाचणीचा खर्च रुग्णाच्या बिलात लावता येत नाही.

सहभागी व्हा वा न व्हा, दोन गोष्टी मात्र प्रत्येक कुटुंबाने कराव्यात. तापाच्या रुग्णाला धाप लागणे, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, किंवा नवजात बाळाने दूध ओढणे सोडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि येताना आधी घेतलेल्या औषधांच्या पट्ट्या, इंजेक्शनच्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. कल्चर निगेटिव्ह का आले, याचे उत्तर अनेकदा त्या चिठ्ठीत सापडते.

विश्वस्तांपुढे आमची विनंती मर्यादित आहे. विद्यापीठाशी सामंजस्य करार, एका विद्यार्थ्याला बसायला जागा, नमुन्यांसाठी एक शीतकपाट आणि स्वतंत्र संशोधन निधी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. आज कल्चरसाठी घेतलेल्या रक्तातून आपण केवळ जंतूचे नाव विचारतो. त्याच रुग्णाच्या रक्ताचा आणखी थोडा अंश, त्याच्या संमतीने, जपून ठेवता आला, तर त्याचे शरीर कसे लढले हेही विचारता येईल. बाकावर बसलेल्या पुढील कुटुंबाला त्या दोन प्रश्नांची अधिक लवकर आणि अधिक नेमकी उत्तरे देता यावीत, यासाठी आपल्या सर्वांच्या सहकार्याची नम्र अपेक्षा आहे.